तिरपी कड एक्केचाळीस

गुरुवार, ४ सप्टेंबर २००३

सुट्टी. पण डोक्याला सुट्टी नाही.

सलीमभाई पंधरा तारखेला कंपनी सोडतायत. माणूस दौंडचा, आठ वर्षं रांजणगावात खोली करून राहिला, आता कुरकुंभला घराजवळ काम मिळालं. त्यांची सेटरची जागा मोकळी होणार. काल साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, जागा आतल्याच माणसातून भरायची. ३ ऑक्टो.ला लेखी परीक्षा. जो लागेल तो परमनंट.

माझं काँट्रॅक्ट ४ ऑक्टो.ला संपतं. सात महिने झाले की ब्रेक, हा चौथा. मागच्या ब्रेकला दोन महिने घरी बसून भिंती बघितल्या. या खेपेला म्हणे निम्म्याच लोकांना परत बोलावणार. म्हणजे परीक्षा दिली तर काहीतरी, नाही तर परत गावी, कवठ्यात भिंती.

सेटर म्हणजे लेथला, लोखंड गोल फिरवायच्या मशीनला, आकडे देणारा. कापायचं हत्यार कुठून कुठं जायचं ते तो सांगतो. मी काय करतो? लोखंडाचा तुकडा लावतो, दार ओढतो, हिरवं बटण दाबतो, तुकडा काढतो. तीन वर्षं झाली. बटण काय, आमची म्हैस पण दाबंल.

स.भाईंना विचारलं, परीक्षेत काय येतं. म्हणाले, "रेषा, बिंदू, चढ. तुझ्या दहावीच्या भूमितीचा शेवटचा धडा."

निर्देशक भूमिती. मी तो धडा दहावीला ऑप्शनला टाकला होता. सरच म्हणाले होते, टाका, त्याच्यावाचून पास होता. झालो पण. तेरा वर्षांनी तोच धडा पुढ्यात.

शनिवार, ६ सप्टें.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर शिरूरला उतरलो. रद्दीवाल्याकडं जुनी पुस्तकं उपसली, दहावीची भूमिती मिळाली. पहिले सगळे धडे पेनानं, पेन्सिलीनं बरबटलेले. शेवटचा धडा कोरा करकरीत. पहिल्या मालकानंही तो ऑप्शनलाच टाकलेला दिसतोय.

आलेखाची वही घेतली. कंपासपेटी मागितली तर दुकानदार म्हणाला, "मुलगा कितवीला?" म्हणलं, दहावीला.

सोमवार, ८ सप्टें.

सुरुवातीलाच घोळ. पुस्तकात आडवा तो एक्स, उभा तो वाय. मशीनवर लांबीला झेड म्हणतात आणि जाडीला एक्स. पुस्तकातला एक्स आडवा झोपलाय, आमचा उभा. दोन तास त्यातच गेले. शेवटी पुस्तकातली नावं खोडून मशीनची लिहिली, मग जरा बरं वाटलं.

बिंदू मांडता येतात. रेषा ओढता येते. चढ काढता येतो, पण उणे चिन्ह आलं की हात अडखळतो.

मंगळवार, ९ सप्टें.

गावात विसर्जनाचे ताशे. सुमन म्हणाली, "चला की बघायला, सगळ्याजणी नवऱ्यासंगं चालल्यात." म्हणलं, तू हो पुढं. पाच गणितं केली मध्यबिंदूची. पाचही बरोबर. दोन टोकं मिळवा, निम्मं करा. एवढंच असेल तर दहावीला कशाला घाबरलो काय माहीत.

सुमन परत आली तर मी तिथंच. "गणपती गेला, तुम्ही हायेच."

गुरुवार, ११ सप्टें.

ओट्यावर बसून गणितं करत होतो, आबा मागं येऊन उभे. त्यांनी मेंढरं विकून वीस वर्षं झाली, आता नुसती शेती. पण मेंढरं कोंडायची जाळी, ती वाघूर, अजून गोठ्यात टांगलेली. मेखा पण जपून ठेवल्यात.

"ही रेघ कुठवर जाती?" आबांनी विचारलं.

म्हणलं, "ही रेषा. दोन्हीकडं जातच राहती. संपत न्हाई."

"आन् ही?"

"हा रेषाखंड. ह्याला दोन टोकं. टोकाच्या पुढं न्हाई."

आबांनी जरा विचार केला. "मंग वाघूर खंड हाय. दोन मेखांवरनं एका डोळ्यानं बघितलं तर नजर पार डोंगरापतुर जाती. जाळी न्हाई जात. जाळी सरली तिथनं लांडगा आत." असं म्हणून तंबाखू मळत गेले.

पुस्तकात हे अर्ध्या पानात लिहिलंय आणि मला तीनदा वाचून कळलं नव्हतं. आबा शाळेची पायरी चढलेले नाहीत. मी त्यांचा मुलगा, मला तीनदा वाचावं लागतं.

रविवार, १४ सप्टें.

आता अंतराचं सूत्र. आडव्याचा वर्ग, उभ्याचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. वर्गमूळ काढायची रीत विसरलो होतो, ती पण परत शिकलो. बावीस गणितं झाली, दोन चुकली. छान चाललंय. आता परीक्षेत कोण समोर येतो ते बघतोच.

परीक्षेला आम्ही दोघंच उभे राहतोय असं दिसतं. मी आणि तो डिप्लोमावाला. तो मार्चमध्येच आलाय, शर्ट इन करून मशीनवर उभा राहतो.

सोमवार, १५ सप्टें.

स.भाईंचा शेवटचा दिवस. सगळ्यांशी हातात हात. मला म्हणाले, "अडलं तर ये घरी. दौंडला स्टेशनपाशी कुणालाही विचार." जाताना मशीनच्या दाराला हात लावून नमस्कार केला. मी दुसरीकडं बघितलं.

मंगळवार, १६ सप्टें.

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

नवा जॉब, म्हणजे कापून घडवायचा तुकडा, आला. एका बाजूनं निमुळता, गाजरासारखा. ड्रॉइंगवर: बारीक टोक जाडी ३०, जाड टोक जाडी ४८, लांबी ४०. तिरप्या कडेची लांबी ४१.

मी म्हणलं, चला, आपलंच गणित. दोन टोकांचे बिंदू मांडले. मध्यबिंदू काढला, जाडी ३९. साहेबांनी प्रोग्रॅममध्ये मध्ये ३९च टाकलेले. जुळलं. अंगात बळ आलं. मग तिरप्या कडेचं अंतर काढलं. ४८ उणे ३०, अठरा. अठराचा वर्ग ३२४. चाळीसचा १६००. बेरीज १९२४. वर्गमूळ ४३.८६.

ड्रॉइंगवर ४१.

परत काढलं. ४३.८६. तिसऱ्यांदा काढलं. तेच. ड्रॉइंग घेतलं आणि सरळ साहेबांच्या टेबलाशी. सगळ्यांसमोर. "साहेब, ड्रॉइंग चुकलंय."

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचं चांगलं आहे. मग म्हणाले, "बबन, ह्या ड्रॉइंगवर पुण्याला दोन वर्षं जॉब निघतायत. एकही परत आला नाही."

म्हणलं, "मग सूत्र चुकीचं आहे का?"

"सूत्र बरोबर आहे."

डिप्लोमावाला हसला. म्हणलं, "दात काय काढतो, करून दाखव." साहेब म्हणाले, "जागेवर जा. आणि परीक्षेला नाव द्यायच्या आधी नीट विचार कर."

कंपनीच्या गाडीत परत तेच आकडे घोळवले. सूत्र बरोबर, ड्रॉइंग बरोबर, माझे आकडे बरोबर. मग चुकलंय काय? मी? ते तर आहेच, पण कुठं?

बुधवार, १७ सप्टें.

परत काढलं. ४३.८६.

जेवताना भाकरीचा तुकडा ताटात आपटला. सुमन म्हणाली, "भाकरीनं काय केलंय? चूक कुठं हाय ते हुडका की." म्हणलं, हुडकतोयच. "मंग जे येतं त्याच्याकडं जा. हितं बसून ताटाला कशाला शिकवता?"

बरोबर बोलली. म्हणून आणखी राग आला.

गुरुवार, १८ सप्टें.

शिरूरहून सकाळच्या एसटीनं दौंड. उभ्यानं. स्टेशनपाशी एकाला विचारलं, त्यानं घरापर्यंत आणून सोडलं. स.भाईंचे वडील रेल्वेत होते, आजोबा पण. अख्खा मोहल्ला ओळखतो.

भाभींनी चहा ठेवला. मी वही काढली. स.भाईंनी वाचलं, वाचताना मिशीतल्या मिशीत हसले. म्हणलं, तुम्ही पण हसा.

"थांब," म्हणाले. आत गेले, लाटणं घेऊन आले. मधे जाड, टोकांना निमुळतं, जुन्या पद्धतीचं. भाभी आतून, "ओ, मला पोळ्या करायच्यात." "दोन मिनिट दे गं."

लाटणं माझ्या हातात दिलं. "हे लेथवर लावलंय समज. गोल फिरतंय. हत्यार किती बाजूला आहे?"

"एकाच."

"आणि कापतं?"

"सगळीकडनं. जॉब फिरतो म्हणून."

"मग जाडी दोन मिलिमीटरनं कमी करायची तर हत्यार किती आत जाईल?"

मी लाटणं बोटांत फिरवलं. एक. एकच. एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं, दोन झाले. मशीनचा एक्स जाडी मोजतो, पूर्ण, आरपार. हत्यार मात्र मधल्या रेषेपासून एकाच अंगाला चालतं. एक्स अठरा सरकला म्हणजे हत्यार नऊ सरकलं. तीन वर्षं ते मशीन चालवतोय. रोज डोळ्यांसमोर चालतंय.

तिथंच लाटण्यावर वही ठेवून केलं. नऊचा वर्ग ८१. चाळीसचा १६००. १६८१. वर्गमूळ

एक्केचाळीस.

डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. गणिताला. माझ्यासारख्या माणसाला.

"पण मध्यबिंदू कसा जुळला मग?" मी विचारलं. त्यानंच तर फसवलं मला.

"दोन्ही टोकं दुप्पट धरलीस, म्हणून मधलं पण दुप्पटच आलं. जाडीचा मध्य जाडीतच राहतो. पण तिरपी कड मोजायला गेलास की एक बाजू दुप्पट, दुसरी साधी. तिथं मार खातोस."

मग सांगितलं, पहिल्या वर्षी त्यांनी पण हेच केलं होतं. "मी हत्यार तोडलं बाबा. हे एवढं महागाचं. तू नुसता कागद खराब केलास." भाभींनी लाटणं ओढून नेलं. जेवूनच निघालो, सोडलं नाही.

एसटीत वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: नि. म्हणजे निम्मं. आजपासून जाडीच्या प्रत्येक गणिताच्या वर आधी नि. लिहायचं, मग आकडे.

शुक्रवार, १९ सप्टें.

शिफ्ट लागायच्या आधी साहेबांकडं गेलो. "साहेब, ड्रॉइंग बरोबर आहे. मी चुकलो."

"हं. कुठं?"

सांगितलं. लाटण्याचं सोडून सगळं. साहेबांनी विचारलं, "एक्स दहा सरकला तर हत्यार?" म्हणलं, पाच. त्यांनी खण उघडला, यादी काढली, माझं नाव लिहिलं. आडनाव चुकीचं लिहिलं होतं, ते पण मी सांगून दुरुस्त केलं. आता मला कशाची लाज उरलेली नाही.

मंगळवार, २३ सप्टें.

गाडीत चार, डब्याच्या सुट्टीत दोन, घरी सहा. सगळ्यांवर नि. चढाची गणितं आता हातात बसली. दोन रेषांचा छेदनबिंदू काढताना अजून चिन्ह चुकतं. रोज पाच करणार, चुकायचं थांबेपर्यंत.

गुरुवार, २५ सप्टें.

लाइट नाही. ओट्यावर उन्हातच बसलो. आबांना म्हणलं, चार मेखा द्या. अंगणात दोन मेखा ठोकल्या, दोरी बांधली, हा एक खंड. पलीकडं दोन मेखा, दुसरा खंड. दोन्हींच्या नजरा पुढं नेल्या तर एकमेकींना छेदतात. दोऱ्या मात्र छेदत नाहीत, दोन हात लांब राहतात. हे मशीनवर फार कामाचं. हत्यार कुठं धडकतं का हे बघायचं तर नुसती रेषा बघून चालत नाही, हत्यार थांबतं कुठं ते बघायचं.

सुमन पाणी घेऊन येताना दोरीला अडखळली. मला जे बोलली ते लिहीत नाही.

सोमवार, २९ सप्टें.

आज एकही चुकलं नाही. छेदनबिंदू पाचपैकी पाच.

डिप्लोमावाल्यानं डब्याच्या वेळी वही मागितली. दिली नाही. मग वाईट वाटलं. मग परत वाटलं, बरं केलं.

गुरुवार, २ ऑक्टो.

गांधी जयंती आणि आमचा सुट्टीचा गुरुवार एकाच दिवशी. एक सुट्टी गेली ती गेलीच, सगळी शिफ्ट त्यावरून हळहळतेय. मला काय, मला अभ्यासाला एक दिवस मिळाल्याशी मतलब.

सगळा धडा पहिल्यापासून परत. पुस्तकाच्या पहिल्या मालकाला सांगावंसं वाटतं, तुझा कोरा धडा मी भरला.

पुस्तक मिटलं, परत उघडलं. आबा म्हणाले, "भ्या वाटतंय?" म्हणलं, व्हय. "वाटू दे. जा मात्र." एवढंच.

शुक्रवार, ३ ऑक्टो.

झाली परीक्षा.

कँटीनमध्ये दोन टेबलं, दोघं दोन टोकांना. पाच गणितं, एक तास. साहेब समोर खुर्ची टाकून बसलेले. पहिली चार, देवाशपथ, डोळे झाकून केली. मध्यबिंदू, चढ, छेदनबिंदू, एक तिरपी कड. तिरपी कड बघून तर हसूच आलं. वर नि. लिहिलं, मग आकडे.

पाचवं मोठं होतं. जॉबवर एक कॉलर, म्हणजे मधेच जाड कडं. जाडी ४६, लांबीला उणे ३५ पासून पुढं, उणे बाजूलाच. हत्यार लांबी १०, जाडी ७० ह्या बिंदूपासून सरळ रेषेत येतं आणि लांबी उणे २०, जाडी ५० वर थांबतं. धडकेल का? आणि मग तिथून त्याच उंचीवर कॉलरच्या वरून सरळ पुढं गेलं, तर हत्यार आणि कॉलर ह्यांत फट किती?

चढ काढला. तीसला वीस. रेषा पुढं वाढवली तर उणे ३५ ला जाडी ४० येते. कॉलर ४६ ची. म्हणजे धडकते. इथं कुणीही "धडकेल" लिहून मोकळा होईल. पण हत्यार उणे २० लाच थांबतंय. आबांची जाळी. नजर डोंगरापर्यंत, जाळी मेखेपर्यंत. लिहिलं: रेषा धडकते, रेषाखंड धडकत नाही, हत्यार रेषाखंडावर चालतं. हे लिहिताना पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उठलं.

मग फट. ५० उणे ४६.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "पाच मिनिटं." जागा संपली होती, पुरवणी मागितली, पुढचं त्यावर लिहिलं. दिला पेपर.

परतीच्या गाडीत डिप्लोमावाला शेजारी येऊन बसला. "शेवटचं किती आलं? माझी फट चार."

म्हणलं, "दोन. एक्स चार आहे, हत्यार दोनच."

त्याचा चेहरा उतरला. खिडकीतून बाहेर बघत बसला. हसायची पाळी माझी होती, पण हसू आलं नाही. पोरगं लांबून आलंय, त्यालाही कुणी घरी विचारणारच.

आणि मग गावचा फाटा यायच्या आधी मीच दचकलो. मी दोन म्हणालो. पण लिहिलं काय?

शनिवार, ४ ऑक्टो.

खंडेनवमी. मशीनला हार, हळदकुंकू, दारावर स्वस्तिक. साहेबांनी नारळ फोडला, सगळ्यांना पेढा. माझा शेवटचा दिवस. पेढा खाल्ला, चव कळली नाही.

डोक्यात एकच. ५० उणे ४६ बरोबर ४, हे लिहिल्याचं आठवतं. चारचा आकडा डोळ्यांसमोर दिसतो, जरा वाकडा आला होता. त्याच्या पुढं? पहिल्या चार गणितांवर नि. लिहिलेलं ठामपणे आठवतं. पाचव्याच्या मुख्य पानावर पण होतं. पण फट काढली पुरवणीवर. कोरा कागद. त्याच्यावर वर नि. होतं का?

साहेबांना विचारावं म्हणून दोनदा केबिनपर्यंत गेलो. पेपर खणात आहेत. दोन्ही वेळा पूजेची माणसं होती. सुटताना साहेबच म्हणाले, "निकाल सोमवारी. ज्याची जागा, त्याचं हजेरीचं कार्ड गेटवर लागेल." दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाले.

माझं जुनं कार्ड काढून घेतलं. रोजचंच ते, तरी खिसा रिकामा वाटला.

रविवार, ५ ऑक्टो.

दसरा. आपट्याची पानं दिली, घेतली. आबांच्या पाया पडलो. आबांनी गोठ्यातल्या मेखा धुऊन त्यांनाही हळद लावलेली. मेंढरं नाहीत तरी दरवर्षी लावतात.

सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला दोन म्हाईत हाय ना?"

"मला म्हाईत हाय. कागदाला म्हाईत हाय का, ते न्हाई."

"मंग कागदाचं कागद बघंल. तुम्ही उद्या जाताय का न्हाई, तेवढं सांगा. डबा करायचा का ठरवायला."

जाणार. काँट्रॅक्ट संपलंय, मला गेटवर कुणी बोलावलेलं नाही, तरी जाणार. फर्स्ट शिफ्टच्या गाडीनं. कार्ड असेल तर पंच करून आत. नसेल तर साहेब येईपर्यंत गेटवर उभा राहणार आणि म्हणणार, साहेब, नोकरीचं राहू दे, पुरवणी दाखवा. चार असेल तर चार. माझ्या डोळ्यांनी बघणार. आणि पुढची परीक्षा कधी ते विचारणार.

शेतातनं आल्यावर, दिवेलागणीच्या आत, तेच पाचवं गणित कोऱ्या कागदावर परत घातलं. कागद उचलला, पेन उघडलं, आणि बघत होतो की हात आपणहून काय करतो.

हातानं आधी वर नि. लिहिलं. मग आकडे.

शुक्रवारी पण हाच हात होता. सुमनला सांगितलं, डबा कर.